जांभळा म्हणजे हजार

आमच्या तुमसर तालुक्याचं आणि ट्रान्झिस्टरचं नातं तसं जुनं, फक्त ते उलट्या बाजूनं जुळलेलं. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड सुक्या सेलमध्ये जातं. ज्या काळात गावोगावी पारावर बिनाका गीतमाला ऐकायला माणसं जमायची, त्या काळातल्या कितीतरी रेडिओंच्या पोटात आमच्या तालुक्याची काळी माती असणार. खाण आमची, सेल दुसऱ्याचा, आणि रेडिओच्या आत टाके मारून बसवलेला तो तीन पायांचा दाणा कुठं बनतो हे तर कुणाच्या गावीही नव्हतं. मला ते कळलं, कारण उमेदीची सगळी वर्षं मी तो दाणा बनवण्यातच घालवली.

त्या वेळी भंडारा जिल्हा म्हणजे गोंदियासकट भंडारा. गोंदिया वेगळा झाला तो 1 मे 1999 ला. शिकलेल्या पोरानं कुठं जायचं हे ठरलेलं असे. जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी, नाहीतर मँगनीजच्या खाणी, आणि जरा धाडस असेल तर भिलाई. गडेगावचं अशोक लेलँड आणि वरठीचं सनफ्लॅग ही मागाहून आलेली मंडळी. मी नागपूरच्या व्हीआरसीईतून मेटलर्जी केली होती. त्या कॉलेजला आता व्हीएनआयटी म्हणतात. मेटलर्जी म्हणजे भिलाई, असं घरात सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. पण पेपरात एक लहानशी जाहिरात आली, 'डिफ्यूजन विभागासाठी इंजिनिअर पाहिजे'. मी सरांना विचारायला गेलो. सर म्हणाले, लोखंड तापवलं की त्यात कार्बन शिरतो, तसाच सिलिकॉनमध्ये बोरॉन शिरतो. गणित तेच, फिकचं. जा.

मायला सांगितलं तर तिनं विचारलं, "काचेची फॅक्टरी होय का गा?" मी हो म्हटलं. तेवढ्यावर भागलं.

कारखाना पुण्याजवळ होता. नाव घेत नाही. तो आता उरलेला नाही, आणि पुढं जे सांगणार आहे ते सगळंच काही त्याच्या कौतुकाचं नाही. 1982 च्या एशियाडच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ दूरदर्शनची प्रक्षेपण केंद्रं वाढत गेली, आणि टीव्ही जोडणारे लहान कारखाने जागोजाग निघाले. त्यांना ट्रान्झिस्टर लागायचे, अल्टरनेटरवाल्यांना डायोड लागायचे. बाहेरून येणाऱ्या मालावर जबरदस्त जकात होती, त्यामुळं आमचा माल कसाही असला तरी खपायचा. हे आधीच कबूल केलेलं बरं. त्या काळच्या स्वदेशी इलेक्ट्रॉनिक्सच्या गोष्टी सांगताना जकातीचा हा भाग लोक सोयीस्कर गाळतात.

वेफर म्हणजे सिलिकॉनची चकती, आमची दोन इंची. पुढं तीन इंची आले तेव्हा जुन्या माणसांना ते अवजड वाटले. एका बाजूनं आरशासारखी चकचकीत, दुसऱ्या बाजूनं करडी अशी ती चकती हातात घ्यायची नाही, चिमट्यानं कडेला धरायची. पडली तर आवाजही फारसा होत नसे. तुकडे गोळा करताना मात्र शिकायला मिळायचं. तुकडे तिकोनी निघाले तर वेफर 111, चौकोनी निघाले तर 100. स्फटिक कुठल्या दिशेनं कापलाय हे तुटल्यावर तो आपणच सांगतो. मेटलर्जीच्या पुस्तकात मिलर निर्देशांक पाठ केले होते, ते मला खऱ्या अर्थानं कळले ते केरसुणी हातात घेतल्यावर.

डिफ्यूजनच्या खोलीत एकावर एक बसवलेल्या क्वार्ट्झच्या लांब नळ्या, प्रत्येकीभोवती तापणाऱ्या तारांचं वेटोळं, आणि आत हजार-अकराशे अंश. आतला रंग पिकलेल्या संत्र्याचा. नागपूरकडच्या माणसाला दुसरा शब्द सुचत नाही. बोरॉन द्यायचा तर वेफरांच्या अधेमधे बोरॉन नायट्राइडच्या पांढऱ्या चकत्या उभ्या करायच्या. फॉस्फरस द्यायचा तर फॉस्फरस ऑक्सिक्लोराइडच्या बाटलीतून नायट्रोजनचे बुडबुडे काढून ती वाफ नळीत सोडायची. ती बाटली म्हणजे पक्की वैरीण. हवेतल्या नुसत्या दमटपणानं तिचं आम्ल व्हायला लागायचं आणि खोलीभर धूर पसरायचा. ती बदलायची वेळ आली की जो तो काहीतरी काम काढून बाहेर जायचा.

या खोलीचा खरा मालक मी नव्हतो. पदवी माझ्याकडं होती, पण खोली चालायची ती आमच्या मुख्य टेक्निशियनच्या हातानं. वयानं माझ्या दुप्पट, आयटीआय फिटर, माळकरी. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला साहेब म्हणायचे, आणि या दोन्ही संबोधनांत कोण कुणाला शिकवतोय हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. वेफर खाचांमध्ये उभे लावलेली क्वार्ट्झची बोट नळीच्या तोंडाशी ठेवायची आणि लांब क्वार्ट्झच्या दांड्यानं आत सरकवायची. मिनिटाला दोन-तीन इंच, त्याहून जास्त नाही. घाई केली की कडा आधी तापते, मधला भाग मागं राहतो, आणि वेफर वाकतो. भिंतीवर घड्याळ होतं. काका त्याच्याकडं बघत नसत. ते मनातल्या मनात हरिपाठ म्हणत दांडा ढकलायचे, आणि ठरावीक अभंग संपला की बोट बरोबर मधल्या झोनमध्ये पोचलेली असायची. मी घड्याळ लावून पाहिलं होतं. एकदा त्यांना पडसं झालं आणि पाठ हळू झाला, तर त्या दिवशी बोटही हळू गेली.

मग रंग. सिलिकॉन ऑक्सिजनमध्ये तापवला की त्यावर काचेचा अतिशय पातळ थर चढतो. हा थर किती जाड झाला हे मोजायचं यंत्र आमच्याकडं होतं, पण ते बहुतेक वेळ आजारी असायचं आणि त्याचा डॉक्टर परदेशात. त्यामुळं मोजणारी वस्तू म्हणजे डोळा. पावसाळ्यात एसटी स्टँडवरच्या डबक्यात डिझेल सांडलं की जे रंग उमटतात, तेच हे रंग. थर जेवढा जाड, तसा रंग बदलत जातो. ट्यूबलाइटखाली वेफर सरळ डोळ्यांसमोर धरायचा, तिरका नाही. बदामी दिसला तर पाचशे अँगस्ट्रॉम. तपकिरी, सातशे. गडद जांभळा म्हणजे हजार. त्यापुढं राजनिळा, मग फिकट धातूसारखा निळा दीड हजाराला, हलका सोनेरी दोन हजाराला, नारिंगी अडीच हजाराला. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. तुमसरच्या बाजारात तांदळाचा दाणा नुसता बघून चिन्नोर कुठला नि भेसळ कुठली हे सांगणारे दलाल मी लहानपणी पाहिले होते, पण एवढ्या बारीक मापाचा अंदाज डोळ्यानं घेता येईल यावर माझा विश्वास बसला नव्हता. काकांनी बसवला.

पण जांभळा पुन्हा येतो, हीच त्यातली मेख. हजाराला एकदा आला की पावणेतीन हजाराला परत जांभळट लाल. रंगांचं चक्र फिरतच राहतं. मग कितव्या फेरीतला जांभळा हे कसं ओळखायचं? काका वेफरच्या कडेला हायड्रोफ्लोरिक आम्लाचा एक थेंब ठेवायचे. थेंब थर खात खाली जाई आणि कडेला उतार तयार होई. त्या उतारावर सगळे रंग ओळीनं मांडलेले दिसत, आणि ते मोजायचे. हे त्यांना कुणी शिकवलं होतं? त्यांच्या आधीच्या माणसानं. त्याला कुणी? कारखाना उभारायला आलेल्या परदेशी तंत्रज्ञानं, असं सांगत. वहीत कुठं लिहिलेलं नव्हतं.

पाण्याचंही तसंच. आम्लात बुडवून ऑक्साइड काढला की वेफरवर पाणी टिकत नाही. ते मागं सरतं, थेंब होऊन घरंगळतं, आणि वेफर कोरडाच बाहेर येतो. 'पाणी सुटलं' असं म्हणायचे. पाणी सुटलं की काम झालं. घड्याळ आणि तक्ता दोन्हीची गरज नाही.

मीठ हा आमचा सर्वांत मोठा शत्रू. सोडियमचा कणभर अंश ऑक्साइडमध्ये गेला तरी ट्रान्झिस्टर बिथरतो. म्हणून घामाचं बोट नको, पावडर नको, काजळ नको. बाँडिंगच्या खोलीत आजूबाजूच्या गावांतल्या मुली कामाला होत्या. सूक्ष्मदर्शकात बघत, केसाहून बारीक सोन्याची तार त्या चिपच्या एका टोकाला नि पायाच्या दुसऱ्या टोकाला जोडायच्या, दिवसभर. नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगायचं, काजळ घालून यायचं नाही. एकीनं मला विचारलं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कामावर आले तरी? मी नियमाचं पुस्तक उघडून बघितलं. त्यात लग्नाबद्दल काही नव्हतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, वा, काय ते दिवस. ते दिवस आरोग्याला वाईट होते. चिकटपणा काढायला ट्रायक्लोरोइथिलिन वापरायचो. गोडसर वास. संध्याकाळी हातावरचं ग्रीस काढायलाही तेच. 2012 मध्ये कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. तोवर आमच्यातल्या कितीजणांच्या फुप्फुसात ते किती गेलं याचा हिशेब कुणी ठेवला? हायड्रोफ्लोरिक आम्ल तर लबाड. सांडलं तेव्हा पाण्यासारखं वाटतं, दुखतही नाही. ते कातडीतून खाली झिरपतं, हाडातल्या कॅल्शियमला जाऊन भिडतं, आणि वेदना सुरू होतात त्या रात्री घरी गेल्यावर. आमच्या एका सहकाऱ्याच्या हातमोज्याला सुईएवढं भोक होतं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लावायची असते हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. कपाटात मात्र बर्नॉल होतं. त्याचं बोट वाचलं, नख गेलं. माल तरी किती निघायचा? वीज गेली की फर्नेसमधला लॉट गेला, आणि वीज जायचीच. लॉटमधले निम्मे तुकडे चाचणीत पास झाले तरी कँटीनला चहा फुकट.

माझा भाचा आता गुजरातेतल्या एका नव्या फॅबसाठी, म्हणजे चिपच्या कारखान्यासाठी, काम करतो. मधल्या काळात त्याचं प्रशिक्षण तैवानात झालं. गेल्या दिवाळीत तो तुमसरला आला होता, आणि मी त्याला अंगणात बसवून खोदखोदून विचारलं. फोटो दाखव म्हटलं तर हसला. "मामाजी, फोन तर दारातच ठेवा लागते." त्यामुळं मी जे सांगतोय ते ऐकीव आहे, पण ऐकवणारा घरचा आहे.

त्याचा वेफर 300 मिलिमीटरचा. आमच्या दोन इंचीच्या पस्तीसपट क्षेत्रफळाचा. तो कुणी चिमट्यानं धरत नाही, कारण तो कुणाला दिसतच नाही. पंचवीस वेफरांचा एक बंद डबा, त्याला फूप म्हणतात. छताला लटकलेल्या रुळांवरून गाड्या धावत असतात, त्या हे डबे एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर ठेवतात. डबा यंत्राला चिकटतो, झाकण आतल्या आत उघडतं, रोबोचा हात एकेक वेफर काढून घेतो. माणूस खाली पांढऱ्या पोशाखात, डोळे तेवढे उघडे, आणि तोही यंत्र बिघडलं तरच. एरवी तो दुसऱ्या इमारतीत, पडद्यासमोर.

"मग तू दिवसभर करतोस का?" मी विचारलं.

"आलेख बघतो, मामाजी."

तैवानात त्याच्या ताब्यात उभ्या फर्नेसचा एक गट होता. तपमान, दाब, वायूचा प्रवाह असे शेकडो सेन्सर क्षणाक्षणाला आकडे पाठवतात. आकडा मर्यादेच्या बाहेर गेला की लॉट आपोआप होल्डवर जायचा आणि भाच्याचा फोन वाजायचा, रात्री तीनलासुद्धा. मग त्यानं शोधायचं, दोष यंत्राचा, वायूचा, की आधीच्या टप्प्याचा. रेसिपीतला एक आकडा बदलायचा तरी तिघांची मंजुरी. आमच्याकडं काकांना पडसं झालं तरी प्रक्रिया बदलायची. ही सुधारणाच आहे, तिच्याबद्दल हळहळायचं कारण नाही. धोलेऱ्याला टाटा आणि तैवानची पीएसएमसी मिळून जे फॅब उभारताहेत, त्याची ठरलेली क्षमता महिन्याला पन्नास हजार वेफर आहे आणि रेघा 28 नॅनोमीटरपर्यंत बारीक. ते काम हरिपाठावर होणार नाही.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली आहे, आणि ती ऐकून मला उगाच बरं वाटलं. वेफर धुवायची पद्धत. अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी, मग हायड्रोक्लोरिक, पेरॉक्साइड आणि पाणी. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत वेर्नर केर्न यांनी 1965 साली बसवलेली ही धुलाई. प्रमाण बदललं, पातळ झालं, पण तीच. आम्ही ती प्लास्टिकच्या टोपल्या हातानं बुडवून करायचो. भाच्याची यंत्रं एकेक वेफर गरगर फिरवून करतात.

पण त्यानं जाता जाता एक सांगितलं, आणि त्यापुढं दिवाळीचे दोन दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तैवानात सिंचूला त्यांच्या तुकडीला शिकवणारा एक साठीतला माणूस होता. इंग्रजी तोडकं. त्यानं पहिल्याच आठवड्यात कपाटातून जुने लहान वेफर काढले, खिडकीशी नेले, आणि पोरांना रंगावरून जाडी ओळखायला लावली. यंत्र चुकलं तर तुम्हाला कळायला हवं, म्हणाला. पोरं हसली. माझा भाचा हसला नाही, कारण त्यानं हे लहानपणी माझ्या तोंडून ऐकलं होतं. "हजारला जांभळा," तो म्हणाला, तर म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, तुला कुणी सांगितलं?

हे तिकडं कसं टिकलं ते पाहा. तैवाननं 1976 साली आरसीएशी करार केला आणि आपल्या तरुण इंजिनिअरांची एक तुकडी अमेरिकेत शिकायला धाडली. 1977 ला त्यांचा प्रायोगिक कारखाना सात मायक्रॉनच्या रेघा काढू लागला, घड्याळाच्या चिपसाठी. त्याच 1976 साली आपल्या सरकारनं सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सला मंजुरी दिली. मोहालीत 1984 ला पाच मायक्रॉनवर उत्पादन सुरू झालं. म्हणजे सुरुवात एकाच वर्षी, आणि पहिल्या दहा वर्षांत आपण काही फार मागं नव्हतो. 1987 ला तिकडं टीएसएमसी निघाली. 7 फेब्रुवारी 1989 ला इकडं मोहालीचं फॅब जळालं. ते पुन्हा धड चालू व्हायला 1997 उजाडलं. मोहालीचं फॅब आजही आहे, 180 नॅनोमीटरवर चालतं, इस्रोचा 'विक्रम' प्रोसेसर तिथंच घडला आणि 2025 च्या सप्टेंबरात दिल्लीत तो पंतप्रधानांच्या हाती देण्यात आला. मला अभिमान वाटला, का वाटू नये? पण मधली आठ वर्षं कुठून आणायची?

आमच्यासारख्या लहान कारखान्यांना आग लागली नाही. त्यांची जकात गेली. 1991 नंतर ती उतरत गेली, आणि 1997 ला आपण माहिती-तंत्रज्ञानाच्या मालावरचा जागतिक करार स्वीकारला तेव्हा 2005 पर्यंत ती शून्यावर आणायचं ठरलं. ट्रान्झिस्टर तैवान-चीनमधून वजनावर विकत घ्यावेत इतके स्वस्त झाले. गिऱ्हाईक म्हणून त्यात माझाही फायदाच होता. मुद्दा वेगळा आहे. नळ्या थंड झाल्या. क्वार्ट्झची नळी एकदा पूर्ण थंड झाली की तिच्या आतल्या कातडीला तडे जातात. म्हणून फर्नेस कधी बंद करायची नाही, रिकामी असली तरी सातशे-आठशेवर ठेवायची, हा आमचा पहिला धडा होता. एक दिवस ती बंद करायचा हुकूम आला. काका त्या दिवशी रजेवर गेले. आमच्यातला एकजण इन्व्हर्टर विकू लागला, एक विमा एजंट झाला, दोघं सॉफ्टवेअरच्या चाचणीत गेले, मी बॅटरी चार्जर बनवणाऱ्या कंपनीत. बाँडिंगवाल्या मुली शेतात परतल्या किंवा शिवणकामाला लागल्या. त्यांच्या नजरेची, त्यांच्या हाताची नोंद कुठल्याही कागदावर नाही. सिंचूच्या त्या म्हाताऱ्याला त्याच्या आधीच्यानं शिकवलं, त्यानं पुढच्यांना, मध्ये एकही पिढी रिकामी गेली नाही. आपली गेली. आज भाच्याच्या वयाची पोरं विमानानं तैवानला जातात ती जी विद्या शिकायला, तिच्यातली पहिली दोन पानं पुण्याजवळच्या एका माळकरी फिटरला पाठ होती, आणि त्याला विचारायला कुणी आलं नाही. आता यायचा प्रश्नच नाही.

हे सगळं एकदा आमच्याच जिल्ह्यात येऊ घातलं होतं, हे भाच्याला माहीत नव्हतं. 2013 साली साकोलीजवळ मुंडीपारला भेल कंपनीच्या कारखान्याची पायाभरणी झाली. त्यात सौरऊर्जेच्या वेफरपासून सेल आणि पॅनेलपर्यंतचा 600 मेगावॉटचा प्रकल्प होता, खर्च 2,731 कोटी सांगितला गेला. सौर सेल म्हणजे शेवटी काय? एक मोठा, पसरट डायोड. तोच सिलिकॉन, तीच नळी, तीच फॉस्फरस ऑक्सिक्लोराइडची बाटली. बातमी वाचून मी जुन्या सगळ्यांना फोन केले. विमा एजंटलासुद्धा. तो म्हणाला, मी येतो, मला फक्त डिफ्यूजनला ठेवा. मी पन्नाशी ओलांडलेली होती आणि साकोलीत भाड्यानं खोली कितीला पडेल याची चौकशी करत होतो. यापुढचं सगळ्यांना माहीत आहे. तोवर चिनी पॅनेलचे भाव कोसळले होते आणि मोठमोठे युरोपी कारखानदारही गाशा गुंडाळत होते. मुंडीपारला आजवर सिलिकॉनची एकही चकती तयार झालेली नाही.

पॅनेल मात्र आले. आता धानाच्या बांधीत सौरपंपाचे पॅनेल उभे असतात, त्यातले जुने निळे आणि नवे जवळजवळ काळे. लोकांना वाटतं निळा हा सिलिकॉनचा रंग. सिलिकॉन करडा. निळा रंग त्यावर चढवलेल्या सिलिकॉन नायट्राइडच्या थराचा, साधारण साडेसातशे अँगस्ट्रॉमचा, उजेड परत जाऊ नये म्हणून. एखाद्या पॅनेलमध्ये एखादा चौकोन जरा जांभळट दिसतो. तिथं थर पातळ पडलाय, कुणाचं तरी लक्ष नव्हतं. हे मी पंप बसवणाऱ्या पोराला सांगितलं, तर त्यानं वॉरंटी कार्ड पुढं केलं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी भाचा म्हणाला, मामाजी, आपल्याकडं असं फॅब होईल का हो? बोलायला काय जातं? वैनगंगेचं पाणी आहे, तिरोड्याला 3,300 मेगावॉटची वीज तयार होते, हावड्याची लाइन दारातून जाते. पण मी नाही म्हटलं. फॅब नको. नव्वद हजार कोटींचा कारखाना मागायचा आणि दहा वर्षं कोनशिलेकडं बघत बसायचं, हे आमचं करून झालंय. त्यापेक्षा तुमसरच्या आयटीआयत एक जुनी आडवी फर्नेस द्या. तीन इंची नळी, क्वार्ट्झची बोट, एक दांडा, क्षार काढलेल्या पाण्याचं लहान यंत्र, आणि नळीत मावतील असे कापलेले नापास वेफर, जे कुठलंही फॅब काढून टाकतं. पोरांना डायोड बनवू द्या. वाईट बनवतील, बनवू द्या. आमच्यातले चार-पाच अजून हिंडते-फिरते आहेत, आठवड्यातून दोन दिवस येतील.

"अन ते पीओसीएल-थ्री, फॉस्फरसची बाटली?" तो म्हणाला. "आयटीआयत ते ठेवाले परवानगी कोन देईल, मामाजी?"

हे त्याचं खरं होतं. सुरक्षेचा विचार आम्ही कधी आधी केला नाही, तो पहिल्यांदा करतो. मी जरा विचार करून म्हटलं, फॉस्फरस नको, बोरॉननं सुरू करू. नायट्राइडच्या चकत्या असतात, पांढऱ्या, नुसत्या कपाटात ठेवल्या तर कुणाला काही करत नाहीत. एन टाइपचे वेफर घ्यायचे. त्यानं खिशातून फोन काढला आणि चकत्यांचा भाव शोधू लागला.